शिगेचा खोका

बाबा खोक्यावर बसले की आमच्या घरातलं बोलणं थांबायचं. लाकडी फळ्यांचा खोका, तळाशी तणसाचं, म्हणजे भाताच्या पेंढ्याचं, जाड अंथरूण, त्यावर काठोकाठ संत्री आणि काठाच्याही वर चार बोटं शीग. त्या शिगेवर झाकणाच्या फळ्या, आणि फळ्यांवर बाबा. आधी एक गुडघा टेकवायचे, मग दुसरा, मग सगळा भार सोडून मांडी घालायचे. खालून चुरचुर आवाज यायचा. फळ्या काठाला टेकल्या की ते हात पुढे करायचे, मी हातोडी द्यायची, आणि ते बसल्या बसल्या चारी कोपऱ्यांत खिळे ठोकायचे. "बसला," असं म्हणून उठायचे. तोवर घरभर संत्र्याच्या सालीचा वास पसरलेला असायचा. आई होती तेव्हा म्हणायची, आपली दिवाळी या वासानं होते.

आमचं तळेगाव संत्र्याच्या मुलखातलं, पुण्याहून रात्रभराच्या प्रवासावरचं. आमच्या भागात ज्याच्याकडे बाग आहे तो माणूस अंबिया बहाराची तोड, म्हणजे दिवाळीनंतरची तोडणी, सुरू झाली, की लेकीच्या सासरी एक खोका पाठवतो. बाजारचा माल व्यापारी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरून नेतो, त्यात कोणाचा जीव अडकलेला नसतो. लेकीचा खोका मात्र घरचा माणूस स्वतः भरतो आणि शीग लावूनच भरतो. काठाला मापून भरलेला खोका सासरी गेला, तर बापानं हात आखडता घेतला असा त्याचा अर्थ होतो.

बाबांच्या शिगेला आणखी एक कारण होतं. माझे आजोबा दुसऱ्यांच्या बागांमध्ये संत्री तोडायला आणि खोके ठोकायला जायचे. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींचे खोके भरले. बाबा सरकारी नोकरीत मेकॅनिक झाले, नोकरीच्या जोरावर त्यांनी जमीन घेतली, झाडं लावली. ती झाडं पहिल्यांदा फळली ती नेमकी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी. ताई पुण्याला दिली होती. त्या पहिल्या खोक्याला बाबांनी इतकी शीग लावली, की झाकण टेकेना. शेवटी शेजारचे काकाही त्यांच्याबरोबर वर चढून बसले. दोघं मोठी माणसं एका खोक्यावर पाठीला पाठ लावून बसलेली, आणि आई हसून हसून बेजार झालेली, हे मला अजून दिसतं.

मी धाकटी. आष्टीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि आई गेल्यापासून तळेगावला बाबांजवळ राहते. स्वभावानं तापट आहे. वर्गातली पोरं आधी माझा चेहरा बघतात आणि मग ठरवतात, की आज शंका विचारायची का उद्या.

काही वर्षांपूर्वी, दिवाळी आटोपून तोड तोंडावर आलेली असताना, ताईचा फोन आला. तो माझ्या मोबाइलवर आणि ऐन कॉलेजच्या वेळात आला, म्हणजे बाबांना चुकवून. मी स्टाफरूमच्या बाहेर गेले.

"यंदा बाबाले खोका पाठवू देऊ नको," ती म्हणाली.

"काऊन?"

ती एकदम सगळं बोलली. दरवर्षी खोका पोचला, की घरातलं कोणी उठायच्या आत ती तो मागच्या गॅलरीत ओढून नेत असे. वरची फळं चेपलेली, खालची फुटलेली, मधली रसानं चिकट आणि आंबूस. धड निघतील तेवढी पुसून ती सासूबाईंसमोर टोपलीत ठेवायची, बाकीची वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात. मग बाबांना फोन करायची, "बाबा, लय गोड होते." मागच्या वर्षी मात्र रस गॅलरीतून गळून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला. खालच्या बाई भांडायला वर आल्या आणि सासूबाईंनी सगळं पाहिलं. आता यंदा त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या वडिलांना सांग, कशाला एवढा त्रास घेतात? इथं सगळं मिळतं."

"चिडल्या असत्या तं बरं वाटलं असतं," ताई म्हणाली. "त्या शांतपणे बोलल्या."

ताईच्या सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचं शांत बोलणं म्हणजे काय, हे मला, एका मास्तरणीला, कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"अन् बाबाले काय सांगू?"

"सांग काई पण. फळ गळालं म्हून सांग."

बाबा दिवसातून दोनदा बागेत जाऊन झाडाझाडाखाली उभे राहणारे. त्यांना मी सांगणार, फळ गळालं! पण खरी अडचण ती नव्हती. ताईच्या घरी बाबा लग्नानंतर एकदाच गेले होते. तिथल्या सोफ्यावर ते काठावर बसून राहिले, पाणीसुद्धा मागायला लाजले. त्यांचा खोका मात्र ऐटीत जायचा. लेकीच्या घरात जायला त्यांच्याजवळ तेवढा एकच रस्ता होता आणि तो आता बंद व्हायच्या बेतात होता. मला रडू यायच्या ऐवजी राग आला, तो कोणावर हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"एक खोका," मी ताईला म्हटलं. "यंदाचा एक. हा अख्खा नाई पोचला तं मीच बाबाले खरं सांगतो अन् पाठवणं बंद करतो. पण हा एक येऊ दे."

फोन ठेवला आणि मी अकरावीच्या वर्गावर गेले. धडा होता स्थायू पदार्थांच्या गुणधर्मांचा. तारेला वजन लावलं की ती लांबते, वजन काढलं की परत होती तेवढी होते, ही स्थितिस्थापकता. वजन वाढवत गेलं की एक हद्द येते. ती ओलांडली, की वजन काढूनही तार पूर्वीसारखी होत नाही, तिचा आकार कायमचा बिघडतो. कैक वर्षं मी हे शिकवत होते, आणि कैक वर्षं घरी बाबांच्या हातात हातोडी देत होते. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखानं नांदत होत्या, एकमेकींशी ओळखदेख नव्हती. त्या दिवशी ती झाली, आणि फळ्यासमोर उभ्या उभ्या मला हसू फुटलं. पोरं घाबरली. मॅडम हसल्या की काहीतरी गडबड असते, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर संत्री घेऊन प्रयोगशाळेत गेले. दोन सपाट पाट्या, मध्ये एक संत्रं, बाजूला उभी धरलेली पट्टी. वरच्या पाटीवर एकेक पुस्तक ठेवत जायचं आणि संत्र्याची उंची किती कमी झाली ते बघायचं, मग पुस्तकं काढायची आणि उंची परत आली का ते बघायचं. थोडी पुस्तकं असली, तर संत्रं दबायचं आणि भार काढला की लगेच वर यायचं. आणखी ठेवली तर यायचं, पण रेंगाळत. मग एक पुस्तक ठेवताच संत्र्याच्या आतून चुर्र आवाज आला. तो आवाज मी जन्मभर ऐकत आले होते. पाठोपाठ प्रयोगशाळेभर वास पसरला. पोरं म्हणाली, "वा, मॅडम!" मी पुस्तकं काढली. संत्रं बसकंच राहिलं आणि साल तळहाताला तेलकट लागली.

तेव्हा मला कळलं. सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात, त्या फुटल्या की तो वास येतो. आमच्या घरची दिवाळी ज्या वासानं व्हायची, तो संत्री फुटल्याचा वास होता. बाबा "बसला" म्हणायचे, तेव्हाच खोका नासायला लागलेला असायचा. पुण्यापर्यंतचा रस्ता म्हणजे फक्त उशीर.

एकदा हे समजल्यावर मला चेव चढला. रोज सकाळी ताजी आणि आदल्या दिवशीची अशी दोन्ही संत्री न्यायची आणि दाबायची. ताजं, दवात तोडलेलं संत्रं टणक दिसतं, पण त्याची साल पाण्यानं ताणलेली असते, लवकर फुटते. एक दिवस सावलीत पडलेल्याची साल जरा नरमते, दबते आणि परत येते. बाबा तर पहाटे तोडून न्याहारीआधी खोका ठोकायचे, का, तर लेकीला ताजं मिळावं. मग मी बादली मांडली. सालीसकट संत्रं पाण्यावर तरंगतं आणि सोललं की बुडतं, हे घनतेच्या धड्याला मी दरवर्षी करून दाखवते. साल आणि गर यांच्यामधली हवा त्याला वर धरून ठेवते. आता त्यातच निवड केली. जे संत्रं पाण्यावर उंच डोलतं ते आतून पोकळ, सालीचा नुसता फुगा, ते दबणार. जे बहुतेक सगळं पाण्याखाली जातं आणि जेमतेम डोकं वर काढतं ते भरीव, तेच घ्यायचं. घरी अंगणात टोपलं घेऊन मी ही निवड करत बसले, तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले.

"संत्र्याले आंघोळ काऊन घालून राह्यली?"

"घनता पाहून राह्यली."

"पाह्य. पाह्यल्यावर पुसून ठेवजो, नाईतं सडतीन." पुसायचं तर मलाही माहीत होतं, पण मी नुसतं फडकं उचललं. भांडण पुढच्या गोष्टीसाठी राखून ठेवायचं होतं.

तळेगाव ते आष्टी हा माझा रोजचा स्कूटीचा रस्ता. त्यावरचे खड्डे मला नावानिशी ठाऊक आहेत म्हटलं तरी चालेल. निम्म्या आकाराचा एक जुना खोका मी संत्र्यांनी भरला, शीग तर लावली नाहीच, उलट काठाच्या दोन बोटं खालीच ठेवला, आणि पायाजवळ घेऊन आष्टीला जाऊन आले. मनातून मी जिंकलेच होते. परत येऊन उघडला, तर अर्ध्या संत्र्यांना खरचटलेलं! मोकळी जागा मिळाल्यावर ती दर खड्ड्याला उडत होती, एकमेकांवर आपटत होती, आणि ज्यांचे देठ लांब राहिले होते ते शेजारणींच्या पोटात टोचत होते. बाबांनी त्यांना दाबून मारलं, मी त्यांना खेळवून मारलं.

मग मी खोक्याकडे नीट पाहिलं. आपण संत्री ओततो तेव्हा ती कशीही बसतात आणि मधेमधे पोकळ्या राहतात. शीग म्हणून जे काठाच्या वर दिसतं, ते बरंचसं खालच्या पोकळ्यांनी वर ढकललेलं असतं. खालच्या थरात संत्र्यांच्या मधे जी खोबण पडते, तिच्यात वरचं संत्रं ठेवलं, त्याच्यावरचं पुन्हा त्याच्या खोबणीत, आणि दर थराला खोका थोडा हलवला, की त्याच जागेत जास्त फळ मावतं, दाटीनं बसतं, आणि हलतही नाही. देठ अगदी सालीलगत छाटायचा. तणसाचं अंथरूण पातळ, उरलेलं तणस फटींत आणि वर, झाकणाला अलगद टेकेल इतकंच. झाकणाचा भार मग बाजूच्या फळ्यांवर येतो, संत्र्यांवर नाही. असा भरलेला खोका मी पुन्हा आष्टीला नेऊन आणला. खड्डे चुकवले नाहीत, उलट शोधून शोधून त्यांच्यातून गेले. घरी उघडला, तर सगळी जिथल्या तिथं, आणि वास नाही! आपल्या अंगणात संत्र्याचा वास आला नाही म्हणून कधी कोणी टाळ्या वाजवल्या नसतील, मी वाजवल्या.

आता बाबा राहिले होते.

त्यांना मी सगळं समजावून सांगितलं. मागचं सडलेलं तेवढं सोडून. साल, तेलाच्या पिशव्या, भार कोणावर येतो ते. मेकॅनिक माणूस, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एक-दोन प्रश्नही चांगले विचारले. मग म्हणाले, "बरोबर हाये तुहं. पण माह्या पोरीच्या घरी ऊणा खोका जाणार नाई."

"ऊणा नाई, बाबा. काठापर्यंत भरलेला."

"काठापर्यंत म्हणजे ऊणाच. शीग कुठी हाये? माह्या बापानं दुसऱ्याच्या पोरीच्या खोक्याले शीग लावली. मी आपल्या पोरीच्या खोक्याले लावू नोको?"

सगळं खरं तोंडाशी आलं होतं, पण ते सांगायचं तर ताईचे इतक्या वर्षांचे गोड फोन खोटे ठरवावे लागले असते. मी दात-ओठ खाऊन आत गेले, एक पेला पाणी प्यायले आणि परत आले.

"तुम्ही भरा," मी म्हटलं. "तुमच्या हातानं, शीग लावून. फक्त त्याच्यावर बसू नोका."

त्यांना वाटलं, पोरगी नमली. त्यांनी मोठ्या खुशीत खोका भरला. मीच निवडून सावलीत ठेवलेली संत्री, खाली जाड तणस, वर चार बोटं शीग, अगदी देखणी. मग मी मोठी चादर अंथरली आणि तो सगळा खोका तिच्यावर उलटा केला. बाबा ओरडलेच. मी म्हटलं, "तुमचेच संत्रे, तुमचाच खोका. बसा आता अन् पाहा."

मी थर लावायला घेतला. पातळ तणस, पहिला थर, हलवणं. दुसरा थर खोबणीत, हलवणं. बाबा आधी हाताची घडी घालून उभे होते, मग उकिडवे बसले. चादरीवरचा ढीग कमी होत होता आणि खोका काही भरत नव्हता. शेवटचं संत्रं चादरीवरून उचलून ठेवलं, तेव्हा सगळी शीग काठाच्या खाली गेली होती आणि एका कोपऱ्यात अजून जागा होती. बाबांनी चादर झटकून पाहिली. मग खोक्यात हात घालून पाहिला, तळाशी काही दडवलंय का म्हणून. मी टोपल्यातली आणखी सात-आठ संत्री त्या कोपऱ्यात बसवली.

"मोजा," मी म्हटलं. "शिगेपेक्षा जास्त हाये. मोठीच्या घरी जास्त जाऊन राह्यले, कमी नाई."

त्यांनी मोजलं नाही. तणस घातलं, झाकणाच्या फळ्या ठेवल्या, आणि सवयीनं गुडघा टेकवून वर चढून बसले. फळ्या आधीच काठाला टेकलेल्या होत्या. ते जरा हलले, भार इकडून तिकडे टाकून पाहिला. आवाज नाही, वास नाही.

"हा तं बसतच नाई!" ते तक्रारीच्या सुरात म्हणाले.

"बसलेलाच हाये, बाबा. तुम्ही लाकडावर बसून राह्यले."

ते खाली मान घालून हसायला लागले. खांदे हलत होते, डोळ्यांना पाणी आलं होतं. "माह्या बापाले हे दाखवाले पाह्यजे होतं," म्हणाले. मग हातोडीसाठी हात पुढे केला. मी दिली. उठता उठता मात्र त्यांनी बजावलं, "एक खोका तुह्या मनानं. मोठीनं नाव ठेवलं तं पुढच्या वर्षी शीग."

संध्याकाळी हायवेवर पुण्याची ट्रॅव्हल्स थांबते. डिक्की उघडणाऱ्या माणसानं आमचा खोका सगळ्यात खाली सरकवला आणि त्याच्यावर कोणाची तरी लोखंडी पेटी ठेवायला लागला. मी त्याला ती काढायला लावली. तो म्हणाला, "मॅडम, संत्रेच तं हाये." त्यानंतर पाच मिनिटं मी काय बोलले ते सांगत नाही. खोका बाजूला, पेट्यांच्या वर, आडवा न होता गेला, आणि आतले दोन प्रवासी खिडकीतून डोकावून बघत होते एवढंच सांगते.

दुसरा दिवस रविवारचा. सकाळ गेली, ताईचा फोन नाही. दुपार गेली. मी फोन हातातून खाली ठेवला नाही. एक मन म्हणत होतं, बातमी चांगली असती तर आतापर्यंत ती ओरडली असती. बाबा बाहेर काहीतरी दुरुस्त करत बसले होते आणि दर थोड्या वेळानं आत येऊन पाणी पीत होते. एवढं पाणी मी त्यांना कधी पिताना पाहिलं नाही. हा शेवटचा खोका ठरला तर संध्याकाळी त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

दिवेलागणीला फोन वाजला, तो बाबांचा. पलीकडे ताई नव्हती. बाबांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"जयभीम. मी पुण्याहून बोलतेय, तुमची विहीण."

बाबा बसले होते ते उभे राहिले. "जयभीम, इहीनबाई. खोका भेटला का?"

"मिळाला. आणि या वेळी मी स्वतः उघडला. सुनेला म्हटलं, तू थांब, मला बघू दे. अहो, एकसुद्धा नासलेलं नाही! सगळी काढून जेवणाच्या टेबलावर मांडली, तर टेबल पुरेना. खालच्या मजल्यावरच्या बाईंना मुद्दाम वर बोलावून दाखवली. इतक्या वर्षांत असा खोका पहिल्यांदा आलाय."

मी दोन्ही हात वर केले होते. उडी मारायचीच बाकी होती. खोका अख्खा पोचला होता, तळेगावपासून पुण्यापर्यंत, एकही न फुटता! तेवढ्यात बाबांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि हात खाली आले.

"पहिल्यांदा?" बाबा म्हणाले.

"खरं सांगते, राग मानू नका. मागच्या वर्षी सुनेनं सगळं सांगितलं, दरवर्षी बहुतेक फेकावीच लागायची. यंदा पाठवू नका असं मीच म्हटलं होतं. आता मीच म्हणते, आणखी एक पाठवा. आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगून बसलेय मी, आमच्या व्याह्यांची बाग आहे म्हणून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला आधीपासून माहीत होतं, हे त्यांना कळलं. मी मान हलवली.

"पाठवतो," ते म्हणाले. "मोठी हाये का तिथी? द्या तिले."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला, मग ताईचा श्वास.

"बाई," बाबा म्हणाले, "तू तं दरसाल म्हणे, लय गोड होते."

ताई एकदम बोलली, रडत की हसत ते कळत नव्हतं. "मले काय मालूम, बाबा, गोड होते का आंबट. जे चांगले निघत ते टोपलीत जात. मी घरी येतो तं उन्हाळ्यात, तवा झाडाले काय राह्यते? आपल्या झाडाचा संत्रा मी आज पह्यल्यांदा खाल्ला."

इतक्या वर्षांचे इतके खोके, आणि ज्या लेकीसाठी ते भरले तिच्या तोंडात एक फोड गेली नव्हती. मी दाराला टेकून उभी होते. आनंदही होता, दुःखही होतं, आणि तरीही आनंदच जास्त होता. आज ती फोड गेली होती म्हणून. बाबा फोन दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"कसा लागला?" त्यांनी विचारलं.

सवयीचं उत्तर तिच्या तोंडाशी आलं असणार.

"थोडासाक आंबट हाये, बाबा."

बाबा मोठ्यानं हसले. इतकं मोठ्यानं, की शेजारचे काका कुंपणाशी आले. हसता हसता ते डोळे पुसत होते आणि मला हातानं खूण करत होते, की दुसऱ्या खोक्याची संत्री उद्याच तोडायला लागू.

"आठ दिवस राहू दे, मंग गोड होतीन," ते फोनमध्ये म्हणाले. "अन् ऐक, बाई. आता पह्यले तू खाय. मंग टोपलीत ठेव."